नेमो, १९३४ : एव्हरेट रुएस आणि त्याचं न सापडलेलं सामान

मार्च १९३५. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिणेला एस्कलान्टे नावाचं छोटं गाव आहे. तिथली काही माणसं एका हरवलेल्या पोराला शोधायला म्हणून डेव्हिस गल्चमध्ये उतरली. गल्च म्हणजे आपल्या भाषेत घळ. पाण्याने वालुकाश्म कापत कापत केलेली, दोन्ही अंगांना सरळसोट कडे असलेली आणि तळाशी बऱ्यापैकी गवत असलेली. वरच्या माळरानावर हिवाळ्यात चरायला फारसं काही नसलं तरी घळीत जनावर तग धरू शकतं. जनावर घेऊन खाली उतरायला वाट जेमतेम एकच, आणि ती झुडपं-फांद्या रचून अडवलेली होती. आत दोन गाढवं होती.

गाढवं एव्हरेट रुएसची. तो स्वतः नव्हता. गाढवांचे लगाम-दोर मिळाले, जवळच्या कपारीत आटवलेल्या दुधाचे रिकामे डबे आणि चॉकलेट-गोळ्यांचे कागद मिळाले, मातीत कुणीतरी अंथरूण टाकून झोपल्याच्या खुणा मिळाल्या, बुटांचे ठसे मिळाले. आणि दगडावर दोन ठिकाणी कोरलेली अक्षरं मिळाली : नेमो, १९३४.

त्याचं वय वीस. आज नव्वदहून जास्त वर्षं झाली, तो सापडलेला नाही.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक लोक थेट त्या ‘नेमो’पाशी जातात. साहजिक आहे, त्या शब्दात जादू आहे. मी मात्र इथे काय सापडलं यापेक्षा काय सापडलं नाही, याचा पाठपुरावा करणार आहे. स्वयंपाकाची भांडी, खाण्याचा साठा, पांघरुणं, रंगसाहित्य, काढलेली चित्रं, पैसे आणि १९३४ सालची डायरी, यातलं काहीच त्या घळीत नव्हतं. माझ्या मते प्रकरणाची गाठ तिथे आहे.

कोण होता हा मुलगा

जन्म २८ मार्च १९१४, कॅलिफोर्नियातलं ओकलंड. वडील युनिटेरियन पंथाचे धर्मगुरू, आई चित्रकार, थोरला भाऊ वॉल्डो. घरात वाचन, चित्रं, कविता यांची रेलचेल. सोळाव्या वर्षी तो एकटा भटकायला निघाला आणि पुढची चार वर्षं जवळपास प्रत्येक हंगामात ॲरिझोना, युटा नाहीतर सिएरा नेवाडाच्या डोंगरात होता. बरोबर गाढवं, काही काळ कर्ली नावाचा कुत्रा. मधे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात एक सत्र काढलं, रमला नाही, परत निघाला. १९३३-३४ च्या हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत राहिला. तिथे मेनार्ड डिक्सन, ॲन्सेल ॲडम्स, डोरोथिया लँग अशा मोठ्या कलावंतांच्या घरी त्याची ऊठबस होती. लँगने त्याचे फोटो काढले. त्या फोटोंचं पुढे पंचाहत्तर वर्षांनी भलतंच काम पडणार होतं, ते ओघात येईल.

लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रं तो विकायचा किंवा कशाच्या तरी बदल्यात द्यायचा. खर्चाला घरूनही पैसे यायचे. त्याला वाळवंटातला संन्यासी करून टाकणाऱ्यांना हे आवडत नाही, पण खरं तेच आहे. पोरगा माणूसघाणा मुळीच नव्हता. शेवटच्या पत्रात त्याने भावाला कळवलंय की वाटेतल्या एका मॉर्मन (या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या) गावात थोडे दिवस राहिलो, चर्चला गेलो, नाचाला गेलो, आणखी राहिलो असतो तर तिथल्या एका मुलीच्या प्रेमात पडलो असतो. एस्कलान्टेतही गावातल्या लहान मुलांशी त्याची गट्टी जमली होती. शेकोटीभोवती बसून बटाटे आणि हरणाचं मांस खायचं, जुने बाणाग्र शोधत हिंडायचं. निघण्याआधी त्याने पोरांना सिनेमालाही नेलं.

याच्या उलट बाजूही त्याच्या पत्रांत आहे. तकलादू वालुकाश्मावर आणि जवळजवळ उभ्या कड्यांवर आपण शेकडो वेळा जीव सोपवला आहे, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. १९३४ च्या उन्हाळ्यात तो ॲरिझोनातल्या केयेन्टाजवळ पुरातत्त्वज्ञांच्या एका तुकडीबरोबर काम करत होता. त्यांच्यातल्या एकाने पुढे सांगितलं की हा पोरगा कड्याच्या टोकावर जे काही करायचा ते बघवत नसे. आणि मरायची वेळ आली की सगळ्यात रानटी, सगळ्यात एकाकी जागा शोधीन, असंही त्याचं एक वाक्य आहे. आत्महत्येचा तर्क लढवणारे हे वाक्य हमखास काढतात. विसाव्या वर्षाच्या आसपास असली वाक्यं कितीजण लिहितात, याचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही.

शेवटचे दहा दिवस

११ नोव्हेंबर १९३४ ची पत्रं ही त्याची शेवटची. आईवडिलांना एक, वॉल्डोला एक. मजकूर असा : मी दक्षिणेला नदीकडे जातोय, मुलूख तसा रानटी आहे. स्मोकी डोंगरावरून लीज फेरीला उतरायचं की सॅन हुआनच्या संगमाच्या वर कुठेतरी कोलोरॅडो नदी ओलांडायची, हे अजून ठरलेलं नाही. यंदा पाणी खूप कमी आहे. पुढचं पोस्ट ऑफिस लागायला महिना-दोन महिने जातील.

तपासाच्या दृष्टीने यातलं शेवटचं वाक्य घातक ठरलं. घरच्यांनी काळजी कधी सुरू करायची, ते त्यानेच दोन महिने पुढे ढकलून ठेवलं.

गावातून निघून तो होल-इन-द-रॉकच्या जुन्या वाटेला लागला. १८७९-८० च्या हिवाळ्यात मॉर्मन वसाहतवाल्यांनी कडा फोडून नदीपर्यंत गाड्या उतरवल्या, ती ही वाट. गावापासून पन्नासेक मैलांवर, १९ नोव्हेंबरच्या सुमारास, त्याला दोन मेंढपाळ भेटले. त्यांच्या तळावर तो दोन रात्री राहिला. नदीकडे उतरणाऱ्या वाटा कुठल्या, कड्यांतली प्राचीन घरं कुठे आहेत, हे त्याने खोदून खोदून विचारलं. निघताना मेंढपाळ त्याला मटण देऊ लागले. त्याने घेतलं नाही, माझ्याजवळ भरपूर शिधा आहे म्हणाला.

मला सगळ्या प्रकरणातला हा सर्वात उपयोगी पुरावा वाटतो. एक तर तो शेवटचा डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग आहे. दुसरं म्हणजे त्या दिवशी त्याच्याजवळ चांगलं भरलेलं सामान होतं, हे त्यावरून कळतं. ते दोन गाढवांवर लादलेलं होतं. तिथून डेव्हिस गल्च फार लांब नाही. म्हणजे पुढच्या काही दिवसांत ते सामान घळीपर्यंत पोचलं, आणि मार्चपर्यंत घळीतून गेलं.

शोध, आणि शोधाचं नुकसान

ॲरिझोनातल्या मार्बल कॅनियनच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं कुणी न नेल्यामुळे घरी परत आली, तेव्हा आईवडील हलले. फेब्रुवारी १९३५ च्या सुरुवातीला त्यांनी एस्कलान्टेच्या पोस्टमास्तरीणबाईंना लिहिलं. त्यांचे यजमान काउंटीचे कमिशनर होते, त्यांनी माणसं गोळा केली. पथक निघालं तेव्हा एव्हरेटला कुणी पाहिल्याला शंभर दिवस उलटून गेले होते आणि मधे अख्खा हिवाळा गेला होता.

ही गावची माणसं शोधाच्या कामात तरबेज होती, प्रश्न तो नव्हता. त्यांना मुलगा शोधायचा होता. पुरावा जपायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि १९३५ च्या त्या माळरानात ते असावं अशी अपेक्षाही करता येत नाही. कुठला ठसा कुठे होता याचा नकाशा नाही. काय सापडलं याची त्याच दिवशी केलेली यादी नाही. जे मिळालं ते ज्याच्या हाती लागलं त्याने उचललं. नंतर तर मूळ गोष्टीलाच फाटे फुटले. गावातल्या एका माणसाने पथकाच्या आधीच गाढवं पाहिली होती, असं एक बोलणं पुढे कायम राहिलं. पाहिली तर कधी? तेव्हा तिथे सामान होतं का? गाढवं धष्टपुष्ट होती की हाडकलेली, यावरही सांगणाऱ्यांचं एकमत नाही. अडवलेल्या घळीत गाढवं किती दिवस होती याचा अंदाज त्यांच्या अंगावरच्या मांसावरून बांधता आला असता. ते कुणी लिहून ठेवलं नाही.

‘नेमो’चा अर्थ लावला तो आईवडिलांनी. लॅटिनमध्ये नेमो म्हणजे कुणीच नाही. ओडिसी महाकाव्यात एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत अडकलेला ओडिसियस आपलं नाव ‘कुणीच नाही’ असं सांगून सुटतो. जूल व्हर्नच्या कादंबरीतला समुद्राखाली राहणारा, जगाकडे पाठ फिरवलेला कप्तानही नेमोच. एव्हरेटच्या वाचनात दोन्ही होतं. एक अक्षरसमूह कपारीत, जुन्या चित्रांच्या खालच्या अंगाला. दुसरा प्राचीन घराच्या उंबऱ्याशी.

नाव बदलण्याची त्याला हौसच होती. १९३१ साली त्याने काही महिने लॅन रामो असं भलतंच नाव लावलं होतं आणि मित्रांनाही तेच वापरायला सांगितलं होतं. तेव्हा ‘नेमो’मध्ये निरोप वाचणाऱ्यांना माझा सवाल साधा आहे : लॅन रामो झाला तेव्हा तो कुठे नाहीसा झाला होता?

तर्क, एकेक करून

पहिला तर्क कड्यावरून पडल्याचा. त्याच्या सवयी पाहता हा सगळ्यात स्वाभाविक. कपारीतली घरं गाठायला तो चढला, दगड निसटला, संपलं. पुढे पुरात आणि वाळूत देह गडप झाला. अडचण एकच. कड्यावर चढताना कुणी भांडीकुंडी पाठीवर घेत नाही. सामान तळावर राहायला हवं होतं.

दुसरा तर्क बुडाल्याचा. पाणी कमी आहे, ओलांडून बघतो, असं तो स्वतःच लिहून गेला होता. गाढवं घळीत सुरक्षित ठेवायची, सामान पाठीवर घेऊन नदीपलीकडे नवाहो आदिवासींच्या मुलखात जायचं आणि नंतर परत यायचं, असा बेत त्याने केला असेल, तर माणूस आणि सामान एकदमच गेले हे जमतं. नंतरच्या काळात एका नदी-वाटाड्याला पूर्वेकडच्या ग्रँड गल्चमध्ये आणखी एक ‘नेमो’ दिसला. त्यावरून तो कोलोरॅडो पार करून गेला आणि पुढे सॅन हुआन नदीत बुडाला, असा धागा विणला गेला. पण ते अक्षर त्याचंच, हे ठरवणार कसं? १९३५ नंतर ‘नेमो’ हा शब्द वर्तमानपत्रांतून त्या भागात सगळ्यांना ठाऊक झाला होता.

तिसरा खुनाचा. ‘सॉल्ट लेक ट्रिब्यून’ने १९३५ च्या उन्हाळ्यात आपला वार्ताहर नवाहो मागकाढ्याला बरोबर देऊन पाठवला, आणि खून झाला असा निष्कर्ष छापला. स्थानिक पातळीवर याला एक जोडगोष्ट आहे. त्या काळात तिथे गुरंचोरीचा सुळसुळाट होता. चोरांना धाक बसावा म्हणून गुरंवाल्यांनी अशी आवई उठवली होती की सरकारचा माणूस वेषांतर करून फिरतोय. अशा दिवसांत एक अनोळखी तरुण एकटाच माळरानात हिंडतो, भेटेल त्याला वाटा विचारतो. संशयाला एवढं पुरे. खून करणाऱ्याने सामान नेलं म्हटलं की हिशोब पूर्ण होतो. म्हणूनच हा तर्क गावात वर्षानुवर्षं कुजबुजत राहिला, नावांसकट. पण कुणावर कधी काही सिद्ध झालं नाही, त्यामुळे ती नावं इथे येणार नाहीत.

चौथा, तो मुद्दाम गेला आणि कुठेतरी नव्या नावाने जगला. त्याने घरच्यांना नियमित आणि मायेने पत्रं लिहिली होती. आईवडिलांना आयुष्यभर असं टांगून ठेवणारा मुलगा त्या पत्रांत मला तरी दिसत नाही. शिवाय तो चित्रकार होता, आणि चित्रकाराचा हात लपत नाही.

या चारही तर्कांत एक गृहीतक चोरपावलांनी शिरलेलं आहे. ज्या कारणाने माणूस गेला त्याच कारणाने सामान गेलं. ते कुणी तपासतच नाही. मी ते सोडून पाहतो. एव्हरेट नोव्हेंबरच्या अखेरीस घळीत किंवा जवळपास पडला. तळ तसाच राहिला. मधल्या शंभर दिवसांत घळीत कुणीतरी उतरलं. रिकामा तळ, चांगली पांघरुणं, भांडी, शिधा. तो मंदीचा काळ होता, बेवारस दिसलेलं सामान लोक उचलायचे, त्यात त्यांना पाप वाटत नसे. मग मार्चमध्ये अख्खं गाव त्या पोराला शोधायला निघालं, आणि तेव्हा ‘सामान माझ्याकडे आहे’ म्हणण्याची सोय उरली नाही. म्हटलं तर खुनाचा संशय अंगावर. डायरी आणि चित्रं चुलीत गेली असतील किंवा एखाद्या माळ्यावर.

हा माझा तर्क आहे, त्याला पुरावा नाही. पण तो धरला की पडण्याच्या तर्कातली एकमेव अडचण निघून जाते, आणि गाढवं पाहिल्याच्या दोन आवृत्त्या का आहेत तेही उमगतं.

२००९ : सापडला, सापडला

या प्रकरणाचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग पंचाहत्तर वर्षांनी घडला.

एका नवाहो कुटुंबात आजोबांची गोष्ट सांगितली जायची. त्यांनी तिसाच्या दशकात कोम रिज नावाच्या लांबलचक डोंगरधारेवरून पाहिलं की यूट या दुसऱ्या आदिवासी जमातीच्या काही लोकांनी एका गोऱ्या तरुणाला गाठून मारलं. आजोबांनी खाली उतरून तो देह खडकाच्या फटीत पुरला. प्रेताला हात लावणं नवाहोंमध्ये फार गंभीर मानतात, म्हणून त्यांनी ते बरीच वर्षं बोलून दाखवलं नव्हतं. २००८ साली नातवाने ती फट शोधली. आत सांगाडा होता.

जागा डेव्हिस गल्चपासून पूर्वेला कितीतरी मैल लांब, पण गोष्ट इतकी बिनतोड होती की अंतराचं कुणी फार मनावर घेतलं नाही. कोलोरॅडो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी चेहऱ्याची हाडं जुळवून लँगने काढलेल्या फोटोंवर बसवली, जुळली. मग डीएनए. वॉल्डोच्या मुलांचे नमुने घेतले. काका आणि पुतण्यांमध्ये सरासरी २५ टक्के जनुकीय वारसा समान असतो. निकालही तितकाच आला. एप्रिल २००९ मध्ये जाहीर झालं : एव्हरेट रुएस सापडला. कुटुंबाने अस्थींचं काय करायचं तेही ठरवलं. वॉल्डो मात्र हे ऐकायला नव्हता, तो २००७ मध्ये गेला होता.

युटाच्या सरकारी पुरातत्त्वज्ञांना पटेना. त्यांनी दात पाहिले. त्या जबड्यातले दात वरून झिजून सपाट झाले होते, जात्या-पाट्यावर दळलेलं, दगडाची कच मिसळलेलं धान्य वर्षानुवर्षं खाल्ल्यावर होतात तसे. कॅलिफोर्नियातल्या शिकल्या-सवरलेल्या घरात वाढलेल्या विशीतल्या मुलाचे दात असे नसतात. समोरच्या दातांची आतली बाजू फावड्यासारखी खोलगट होती, जी ठेवण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत मोठ्या प्रमाणावर आढळते. आणि एव्हरेटच्या दातांच्या डॉक्टरांची नोंद होती. ती या जबड्याशी जुळत नव्हती.

कुटुंबाने दुसरी चाचणी मागितली, हे मला विशेष वाटतं. हाती आलेला काका पुन्हा पणाला लावायचा. ती चाचणी अमेरिकी सैन्यदलाच्या डीएनए ओळख प्रयोगशाळेत झाली. जुन्या युद्धांतल्या सैनिकांची जीर्ण हाडं ओळखण्यात त्या प्रयोगशाळेचा हात बसलेला आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये उत्तर आलं : या हाडांचा रुएस कुटुंबाशी संबंध नाही. पहिल्या चाचणीची पद्धत ताज्या, मुबलक डीएनएसाठी ठीक होती. फटीत कित्येक वर्षं पडलेल्या हाडातला डीएनए तुटका आणि भेसळीचा असतो, तिथे ती फसली. विद्यापीठातल्या संशोधकांनी चूक मान्य केली. अस्थी नवाहो नेशनकडे, म्हणजे नवाहोंच्या स्वायत्त शासनाकडे, परत गेल्या.

दात कधीपासून तिथेच होते. ते पाहायला ना महागडं यंत्र लागत होतं ना संगणक. पण तोवर गोष्ट ऐकून झाली होती, फोटोवर चेहरा बसलेला होता, आणि २५ टक्के हा आकडा हवा होता तसाच आला होता. जे ऐकायचं आहे तेच सांगणारा निकाल आला की दुसऱ्यांदा मोजायचं कुणाला सुचत नाही.

आता काय उरलंय

१३ मार्च १९६३ ला ग्लेन कॅनियन धरणाची दारं बंद झाली आणि मागे लेक पॉवेल भरायला लागला. तो पूर्ण भरायला १९८० उजाडलं. डेव्हिस गल्चचा खालचा भाग त्याच्या पोटात गेला. एव्हरेट तिथे कुठे दरडीखाली असेल, तर त्याच्यावर पाणी आणि पाण्यासोबत आलेला गाळ बसला. २००० नंतरच्या लांबलेल्या दुष्काळात तलाव ओसरला आणि घळीचे बुडालेले तुकडे पुन्हा उघडे पडले. पण वर आला तो आधी गाळच. घळीचा मूळ तळ त्याच्या खाली आहे.

म्हणून माझा जीव हाडांपेक्षा डायरीत अडकलाय. १९३२ आणि १९३३ च्या त्याच्या डायऱ्या शाबूत आहेत, छापूनही आल्या आहेत. बारीकसारीक लिहायची त्याला सवय होती : आज काय खाल्लं, कुठलं गाढव अडून बसलं, कुठल्या कड्यावर हात सुटता सुटता वाचला. चौतीस सालची वही जर चुलीत गेली नसेल, आणि एस्कलान्टेच्या आसपासच्या एखाद्या जुन्या घरात कुणाच्या पणजोबांच्या पेटीत तळाशी पडलेली असेल, तर तिच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर तारीख असेल. मेंढपाळांचा तळ सोडल्यावर तो किती दिवस जिवंत होता आणि उद्या कुठे जाणार होता, एवढं तरी त्या पानावरून कळेल.